लिटल लीग बेसबॉल आणि विल्यमस्पोर्टची मैदाने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिटल लीग म्हणजे नेमके काय?

लिटल लीग ही लहान मुलामुलींसाठी बेसबॉल आणि सॉफ्टबॉल चालवणारी संस्था आहे. तिचा जन्म 1939 साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, विल्यमस्पोर्ट या गावी झाला. प्रत्येक गावातील किंवा उपनगरातील स्थानिक लीग आपापल्या ठरलेल्या हद्दीतील मुलांचे संघ बनवते, मैदान सांभाळते, पंच नेमते आणि हंगाम पार पाडते. ही सगळी कामे मुख्यतः पालक व शेजारीपाजारी विनावेतन करतात. नियम, मापे आणि वार्षिक विश्वस्पर्धा यांची व्यवस्था मध्यवर्ती संस्था पाहते. अमेरिकी संसदेने मंजूर केलेली सनद या संस्थेला 1964 साली मिळाली. खेळाच्या संस्थेला असा मान क्वचितच मिळतो.

ही कल्पना कोणाला आणि कशी सुचली?

कार्ल स्टॉट्झ या विल्यमस्पोर्टच्या रहिवाशाला 1938 च्या उन्हाळ्यात ती सुचली. त्यांना स्वतःला मुलगे नव्हते. ते आपल्या दोन भाच्यांबरोबर अंगणात चेंडू झेलण्याचा खेळ खेळत असत. एकदा दूर गेलेला चेंडू पकडण्यासाठी धावताना त्यांचा पाय लायलॅकच्या छाटलेल्या झुडपाच्या खुंटांवर घासला आणि घोटा सोलवटला. दुखरा पाय घेऊन पायरीवर बसले असताना त्यांना आपले लहानपण आठवले. मोठी मुले मैदान अडवून बसत, आणि लहानांची पाळी येईपर्यंत दिवस मावळलेला असे. लहान मुलांचे स्वतःचे संघ, स्वतःचा गणवेश, खराखुरा पंच आणि त्यांच्या अंगाला बसेल असे मैदान असले तर काय होईल, असा विचार त्यांनी तेथेच बोलून दाखवला, आणि भाच्यांनी तो उचलून धरला.

या गोष्टीतील झुडपाचा भाग सर्वांच्या लक्षात राहतो. मला मात्र ‘अंगाला बसेल असे मैदान’ हा भाग अधिक मोलाचा वाटतो, कारण या संस्थेचा पुढचा बहुतेक इतिहास मैदान कोणाच्या मापाचे असावे आणि त्यावर कोणाला पाऊल ठेवू द्यावे या दोन प्रश्नांभोवतीच फिरतो.

दोन बेसमधील अंतर 60 फूटच का?

बेस म्हणजे मैदानाच्या आतल्या चौकोनाचे कोपरे, धावणाऱ्याने ते ओळीने गाठायचे असतात. प्रौढांच्या बेसबॉलमध्ये या चौकोनाची प्रत्येक बाजू 90 फुटांची असते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला ते अंतर फार मोठे पडते. तिसऱ्या बेसजवळून पहिल्या बेसकडे फेकलेला चेंडू तेथवर पोहोचत नाही, आणि धावणारा मात्र आरामात पोहोचतो. त्यामुळे बाद करण्याची शक्यताच उरत नाही आणि खेळातील चुरस संपते.

स्टॉट्झ यांनी यावर जो उपाय केला तो साधा आणि अचूक होता. शेजारपाजारची मुले गोळा करून त्यांनी मोकळ्या जागेत बेसच्या जागी वर्तमानपत्राच्या घड्या ठेवल्या, एका मुलाला चेंडू फेकायला आणि दुसऱ्याला धावायला सांगितले, आणि नीट पाहून त्या घड्या थोड्या थोड्या आत सरकवत नेल्या. चांगला फेकलेला चेंडू धावणाऱ्याच्या एखादे पाऊल आधी पोहोचेल आणि रेंगाळत फेकलेला चेंडू एखादे पाऊल मागे राहील, अशा जागी त्या थांबल्या. तो चौकोन 60 फुटांचा ठरला. हे अंतर कोणत्याही पुस्तकातून आलेले नसून त्या उन्हाळ्यातील मुलांच्या पायांतून आणि खांद्यांतून आलेले आहे. इतकी दशके ते टिकले, याचे कारणही मला तेच वाटते.

मराठी वाचकाला अंदाज यावा म्हणून सांगायचे तर क्रिकेटच्या दोन यष्ट्यांमधील अंतर 66 फूट असते, म्हणजे लिटल लीगच्या दोन बेसमधील अंतर त्याहून थोडे कमीच आहे. 90 च्या जागी 60 फूट केल्याने आतल्या चौकोनाचे क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी, म्हणजे नऊ भागांतील चार भाग इतके होते. पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा खेळाडू, ज्या पट्टीवरून चेंडू टाकतो ती प्रौढांच्या खेळात होम प्लेटपासून, म्हणजे फलंदाजाजवळच्या बेसपासून, 60 फूट 6 इंचांवर असते, तर येथे 46 फुटांवर. पिचरचा उंचवटाही 10 इंचांऐवजी 6 इंचांचा असतो. होम प्लेटची 17 इंचांची रुंदी मात्र दोन्हीकडे सारखीच आहे. आपल्याकडे कबड्डीत किशोर गटासाठी मैदान लहान आखतात, त्यामागेही हाच विचार आहे. मात्र क्रिकेटच्या बाबतीत दहा वर्षांच्या मुलाला सरसकट पूर्ण 22 यार्डांवर गोलंदाजी करायला लावणारे अजूनही पुष्कळ भेटतात, आणि तेव्हा वर्तमानपत्राच्या त्या घड्यांची हटकून आठवण होते.

पहिला हंगाम कसा झाला?

तीन संघ आणि तीस मुले एवढाच तो प्रपंच होता. पैसे मिळवण्यासाठी स्टॉट्झ यांनी एकामागून एक व्यापाऱ्यांचे उंबरठे झिजवले, अनेकांनी नकार दिला, आणि शेवटी लायकॉमिंग डेअरी या दूध कंपनीने पहिला होकार दिला. पुढे लंडी लंबर हा लाकडाचा व्यवसाय आणि जंबो प्रेट्झल हे दोन पुरस्कर्ते मिळाले. जॉर्ज आणि बर्ट बेबल हे दोघे भाऊ स्टॉट्झ यांच्याबरोबर संघांचे व्यवस्थापक झाले. विल्यमस्पोर्ट हे एकोणिसाव्या शतकात सस्क्वेहाना नदीतून वाहून आणलेल्या ओंडक्यांवर श्रीमंत झालेले गाव आहे, तेव्हा पहिल्या तीन संघांत एक नाव लाकडाच्या वखारीचे असावे हे अगदी साहजिक होते.

पहिला सामना 6 जून 1939 रोजी झाला. लंडी लंबर संघाने लायकॉमिंग डेअरीचा 23 विरुद्ध 8 असा पराभव केला. नवशिक्या मुलांच्या सामन्यात धावा अशाच निघतात. हंगामाच्या अखेरीस मात्र त्याच दोन संघांत तीन सामन्यांची मालिका झाली, आणि तिचा शेवटचा सामना लायकॉमिंग डेअरीने 3 विरुद्ध 2 असा जिंकला. एका उन्हाळ्यात मुले किती शिकली, याचे याहून चांगले मोजमाप मला सापडलेले नाही.

‘मूळ मैदान’ कोणते? पहिला सामना तेथेच झाला का?

येथे नेहमी गल्लत होते. 1939 चे सामने पार्क पॉइंट या भागातील मोकळ्या जागेवर झाले. आज ज्याला मूळ मैदान म्हणतात ते वेस्ट फोर्थ स्ट्रीटवर, बोमन फील्डच्या समोर आहे, आणि तेथे लीग 1942 साली आली. बोमन फील्ड हे व्यावसायिक संघासाठी 1926 साली बांधलेले मोठे मैदान आहे. त्यामुळे तेथे उभे राहिल्यावर रस्त्याच्या एका अंगाला प्रौढांचे मैदान आणि दुसऱ्या अंगाला मुलांचे, अशी दोन मापे एकाच नजरेत येतात. मूळ मैदानाला आता कार्ल स्टॉट्झ यांचे नाव आहे.

विश्वस्पर्धा कधीपासून सुरू झाली?

1947 पासून, आणि सुरुवातीला तिला राष्ट्रीय स्पर्धा म्हणत. तेव्हाचे जवळपास सगळे संघ पेनसिल्व्हेनियातीलच होते. मूळ मैदानावरील पहिल्या अंतिम सामन्यात विल्यमस्पोर्टच्याच मेनार्ड संघाने लॉक हेवन या शेजारच्या गावाच्या संघाला 16 विरुद्ध 7 असे हरवले. 1958 पर्यंतच्या सर्व अंतिम फेऱ्या याच मैदानावर झाल्या.

त्यांतील सर्वांत गाजलेला सामना 23 ऑगस्ट 1957 चा आहे. मेक्सिकोतील मॉन्टेरे या औद्योगिक शहरातील कामगार वस्तीच्या मुलांचा संघ सीमेवरील पूल पायी ओलांडून टेक्सासमध्ये आला होता. अमेरिकेत तो काही दिवसच राहील अशी सर्वांची अटकळ होती. पण सामन्यामागून सामने जिंकत तो थेट विल्यमस्पोर्टला पोहोचला, आणि अंतिम सामन्यात कॅलिफोर्नियाच्या ला मेसा संघापुढे आंखेल मासियास हा बारा वर्षांचा पिचर उभा राहिला. लिटल लीगचा सामना सहा डावांचा असतो, म्हणजे एका संघाचे अठरा फलंदाज बाद करावे लागतात. मासियासने अठराच्या अठरा फलंदाज ओळीने बाद केले आणि त्यांपैकी एकालाही पहिल्या बेसवर पाय ठेवू दिला नाही. मॉन्टेरेने सामना 4 विरुद्ध 0 असा जिंकला. अमेरिकेबाहेरचा हा पहिला विजेता संघ होता, आणि विश्वस्पर्धेच्या अंतिम सामन्यात अशी निर्दोष खेळी पुन्हा कोणी केलेली नाही. पुढच्या वर्षी, मूळ मैदानावरील शेवटच्या स्पर्धेतही, मॉन्टेरेच जिंकले.

1955 साली चार्ल्सटनच्या संघाला खेळू का दिले नाही?

दक्षिण कॅरोलायना राज्यातील चार्ल्सटन शहरात कॅनन स्ट्रीट वायएमसीए या युवक संस्थेने कृष्णवर्णीय मुलांची लीग चालवली होती. तिच्या निवडक संघाने 1955 मध्ये राज्य स्पर्धेसाठी नाव नोंदवले, तेव्हा गोऱ्या मुलांच्या सर्व संघांनी त्यांच्याविरुद्ध खेळण्यापेक्षा स्पर्धेतून बाहेर पडणे पसंत केले. परिणामी एकही चेंडू न टाकता कॅनन स्ट्रीटचा संघ राज्यविजेता ठरला. नियम असा होता की पुढच्या फेरीत जायचे तर आधीचे सामने प्रत्यक्ष खेळून जिंकलेले असले पाहिजेत, आणि त्याच नियमावर बोट ठेवून त्यांची वाट बंद करण्यात आली. मध्यवर्ती संस्थेने गोऱ्या संघांच्या माघारीला पाठिंबा दिला नव्हता, हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाच नियम लावला गेला, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

त्या मुलांना पाहुणे म्हणून विल्यमस्पोर्टला बोलावण्यात आले. ती चार्ल्सटनहून बसने आली. सामन्यापूर्वी त्यांना मैदानावर थोडा वेळ सराव करू दिला, आणि त्यांची चेंडूफेक पाहून प्रेक्षकांतून घोष उठला : ‘त्यांना खेळू द्या!’ सराव संपल्यावर मुले गणवेशातच प्रेक्षकांत जाऊन बसली आणि दुसऱ्यांचा सामना त्यांनी पाहिला. मूळ मैदानाच्या इतिहासात मासियासचा सामना जितका आवर्जून सांगितला जातो तितकाच हा सरावही सांगितला जावा, असे मला मनापासून वाटते. संस्थेने या संघाचा जाहीर सन्मान केला तो 2002 साली, म्हणजे ती मुले साठीला टेकल्यावर.

संस्थापक स्टॉट्झ संस्थेपासून दूर का गेले?

1948 पासून युनायटेड स्टेट्स रबर या मोठ्या कंपनीचे आर्थिक पाठबळ संस्थेला मिळू लागले आणि तिचा विस्तार झपाट्याने झाला. 1952 साली त्याच कंपनीतून आलेले पीटर मॅकगव्हर्न संस्थेचे अध्यक्ष झाले. संस्था किती मोठी व्हावी, तिच्यात धंद्याचा वाटा किती असावा आणि स्थानिक लीगच्या हाती काय राहावे, यावर मतभेद वाढत गेले आणि 1955 च्या अखेरीस प्रकरण न्यायालयात गेले. तडजोड झाली, पण स्टॉट्झ 1956 मध्ये संस्थेतून बाहेर पडले. मूळ मैदान आणि तेथील स्थानिक लीग यांच्याशी त्यांनी नाते राखले. ते 1992 साली वारले.

दोन्ही बाजू समजून घेण्यासारख्या आहेत. मॅकगव्हर्न यांच्या काळात खेळ जगभर पोहोचला हे खरे आहे. पण ज्याने कागदाच्या घड्या सरकवून मैदान आखले त्या माणसाला स्वतःच्याच संस्थेतून जावे लागले, ही रुखरुख मनातून जात नाही.

विश्वस्पर्धा नदीपलीकडे कधी गेली?

1959 साली, सस्क्वेहाना नदीच्या दक्षिण तीरावरील साउथ विल्यमस्पोर्टमध्ये. नव्या मैदानाला हॉवर्ड लमाडी यांचे नाव दिले. ‘ग्रिट’ हे एकेकाळी अमेरिकेच्या खेडोपाडी वाचले जाणारे साप्ताहिक विल्यमस्पोर्टचे, आणि ते लमाडी कुटुंबाचे. मैदान टेकडीच्या पायथ्याशी आहे. बाहेरच्या कुंपणामागे गवताचा उतार वर चढत जातो आणि खुर्च्या भरल्या की हजारो माणसे त्या उतारावर सतरंज्या पसरून बसतात. लहान मुले पुठ्ठ्याचे खोके फाडून त्यावर बसून घसरतात. उतारावरचे गवत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच झिजून गुळगुळीत होते, आणि पुठ्ठा आणखी वेगाने सुटतो. 1992 मध्ये दिवे बसले. 2001 मध्ये शेजारी व्हॉलंटियर स्टेडियम हे दुसरे मैदान बांधल्यावर संघ आठवरून सोळा झाले, आणि 2022 पासून वीस. दुसऱ्या मैदानाला कोणा धनिकाचे नाव न देता सर्व स्वयंसेवकांचे दिले, ही निवड मला फार योग्य वाटते.

मुलींना कधीपासून खेळता येते?

अधिकृतपणे 1974 पासून. त्याआधी 1950 साली न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंग गावच्या कॅथरिन जॉन्स्टनने मुलाचा वेश करून, ‘टबी’ हे मुलाचे नाव सांगून संघात जागा मिळवली. तिने पुढे खरे सांगितले, प्रशिक्षकाने तिला ठेवूनही घेतले, पण लवकरच मुलींना मनाई करणारा नियम आला. 1972 मध्ये न्यू जर्सीतील होबोकेनच्या मरिया पेपेला तीन सामन्यांनंतर संघ सोडावा लागला, कारण संस्थेने तिच्या लीगची मान्यता काढून घेण्याची ताकीद दिली होती. तिच्या बाजूने खटला उभा राहिला. मुलींची हाडे नाजूक असतात असा युक्तिवाद संस्थेकडून झाला. सुनावणी अधिकारी सिल्व्हिया प्रेसलर यांनी 1973 च्या अखेरीस मुलींच्या बाजूने निकाल दिला, पण तोवर मरियाचे वय खेळण्याच्या मर्यादेपलीकडे गेले होते. पुढच्या वर्षी संस्थेने नियम बदलला आणि सॉफ्टबॉलचा विभागही सुरू केला. 2014 साली फिलाडेल्फियाच्या मोने डेव्हिसने विश्वस्पर्धेत प्रतिस्पर्ध्याला एकही धाव न देता सामना जिंकून दिला. अशी कामगिरी करणारी ती पहिली मुलगी.

मापे कधी बदलली का?

60 फूट बदलले नाहीत. मुले पूर्वीपेक्षा धिप्पाड झाली आणि बॅट धातूच्या आल्या, तेव्हा विश्वस्पर्धेच्या मैदानांवरील बाहेरचे कुंपण 2006 साली 205 फुटांवरून 225 फुटांवर नेले. 2008 पासून जोराच्या धक्क्याने सुटून येणारे बेस सक्तीचे झाले, म्हणजे घसरत येणाऱ्या मुलाचा पाय अडकून घोटा मोडत नाही.

मुलाच्या खांद्याला इजा होणार नाही ना?

पालकांचा हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. 46 फुटांवरून ताशी 113 किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू खेळायला फलंदाजाला जितका वेळ मिळतो, तितकाच वेळ मोठ्यांच्या मैदानावर ताशी सुमारे 148 किलोमीटरच्या चेंडूसाठी मिळतो. त्यामुळे वेगवान पिचर सामने जिंकून देतो, आणि त्याच्याकडूनच पुन्हा पुन्हा टाकून घेण्याचा मोह प्रशिक्षकाला होतो. म्हणून 2007 पासून चेंडूंची मोजणी सक्तीची आहे. एका दिवसात 11-12 वर्षांच्या मुलाला 85, 9-10 वर्षांच्या मुलाला 75 आणि 7-8 वर्षांच्या मुलाला 50 चेंडूंची मर्यादा आहे, आणि 66 किंवा अधिक चेंडू टाकल्यास चार दिवस विश्रांती द्यावीच लागते. एक विनंती : मूल शाळेच्या, लीगच्या आणि खासगी अशा दोन-तीन संघांतून खेळत असेल तर एकूण हिशेब ठेवणारे तुम्हीच असता. घरी वही ठेवा.

मैदान कोण सांभाळते?

बहुतेक ठिकाणी पालक. शनिवारी सकाळी सामन्याआधी दीड-दोन तास लवकर येऊन आतल्या चौकोनाची माती लोखंडी जाळी ओढून सपाट करायची, पिचरच्या पायाखाली पडलेला खड्डा ओल्या चिकणमातीने भरून ठोकायचा, होम प्लेटच्या टोकापासून दोरी ताणून दोन्ही बाजूंच्या रेषा फक्कीने मारायच्या, असे ते काम असते. पाऊस झाला असेल तर साचलेले पाणी झाडूने बाहेर लोटू नये, कारण पाण्याबरोबर मातीही जाते आणि गवताच्या कडेला वरंबा तयार होतो. स्पंजने टिपावे आणि वर कोरडी माती टाकावी. नव्या पालकांनी विचारल्यास मी नेहमी सांगतो की प्रशिक्षक होण्याआधी एक हंगाम दोरी धरावी. मुलांचे मैदान किती लहान आणि किती काटेकोर आहे, हे दोरी ताणल्याशिवाय कळत नाही.

मराठी कुटुंबातील मुलांना क्रिकेट सोडावे लागेल का?

मुळीच नाही. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत स्थायिक झालेल्या मराठी घरांतील मुले दोन्ही खेळतात. झेल घेणे, नेम धरून फेकणे आणि उंच चेंडूचा अंदाज बांधणे ही कौशल्ये दोन्हीकडे उपयोगी पडतात. अडचण येते ती बॅटच्या फिरण्यात, कारण टप्पा पडून येणारा चेंडू आणि थेट येणारा चेंडू यांची उंची वेगळी असते. आणि दुसरी अडचण अशी की चेंडू मारल्यावर धावायचे की नाही हे ठरवण्याची मुभा येथे नसते. मैदानाच्या आत पडलेल्या प्रत्येक फटक्यावर धावावेच लागते. महाराष्ट्रात शालेय स्पर्धांतून सॉफ्टबॉल खेळलेल्या आईवडिलांना हे सगळे आधीच ठाऊक असते, आणि अशा आयांना दोरी कशी ताणायची तेही सांगावे लागत नाही.

विल्यमस्पोर्टला जाऊन हे सर्व पाहता येते का?

हो. विश्वस्पर्धा दर ऑगस्टमध्ये भरते आणि प्रवेश विनामूल्य असतो. संकुलाजवळच संस्थेचे वस्तुसंग्रहालय आहे, ते 1982 पासून सुरू आहे. वेळ असल्यास एक सकाळ नदीच्या उत्तरेकडच्या मूळ मैदानासाठी ठेवावी. टेकडीवरची गर्दी तेथे नसते. मुलाला बरोबर नेले तर होम प्लेटच्या बाजूला उभे करून पहिल्या बेसकडे पाहायला सांगावे, आणि मग रस्ता ओलांडून बोमन फील्डच्या कुंपणापाशी नेऊन पुन्हा तेच करायला सांगावे.